गो-कार्टिंगची रेस खेळायची आहे? आधी क्लास ठरवा, मग कार्ट घ्या

तिकीट काढून गो-कार्ट चालवली, दहा मिनिटं मजा केली, रील टाकली आणि विषय संपला. बहुतेकांचं कार्टिंग इथेच थांबतं. पण काही मुलांना (आणि काही मोठ्यांनाही) तेवढ्यावर चैन पडत नाही. 'मला खरी रेस खेळायची आहे' असं घरात ऐकू येतं आणि मग पहिला सर्च होतो, 'सेकंडहँड रेसिंग कार्ट किंमत'.

पैसे वाया जायला सुरुवात नेमकी इथून होते. कार्टिंगमध्ये कार्ट घेऊन ट्रॅकवर गेलं की रेसमध्ये घेतात, असं होत नाही. प्रत्येक रेस एका ठरावीक 'क्लास'साठी असते. त्या क्लासमध्ये ड्रायव्हरचं वय किती हवं, कार्टसकट वजन किती हवं, इंजिन कुठलं, टायर कुठले, हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं असतं. यातली एक गोष्ट जरी बसली नाही, तरी लाखो रुपयांची कार्ट घरच्या पार्किंगमध्ये उभी राहते.

हे नियम कसे चालतात आणि एंट्री घेण्याआधी काय काय लागतं, ते एकेक करून समजून घेऊ.

भाड्याची कार्ट आणि रेसिंग कार्ट, फरक काय?

कार्टिंगची सुरुवात १९५६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात झाली. आर्ट इंगल्स हा रेसिंग कार बांधणाऱ्या कंपनीत काम करायचा. त्याने साध्या पाइपच्या सांगाड्याला गवत कापायच्या मशीनचं टू-स्ट्रोक इंजिन जोडलं आणि पहिली कार्ट तयार झाली. मूळ कल्पना आजही तीच आहे. सांगाडा, चार छोटी चाकं, मागे इंजिन. सस्पेन्शन नाही, छप्पर नाही.

पण भाड्याच्या ट्रॅकवरची कार्ट आणि रेसिंग कार्ट यांच्यात खूप अंतर आहे. भाड्याच्या कार्टमध्ये साधारणपणे फोर-स्ट्रोक इंजिन असतं. होंडाचं जीएक्स२०० हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. ते १९६ सीसीचं असून ताकद जेमतेम साडेपाच हॉर्सपॉवर. कार्ट जड असते आणि चारही बाजूंनी बंपर असतात, कारण लोक धडकणार हे गृहीत धरलेलं असतं.

रेसिंगच्या सिनियर क्लासमधली कार्ट १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनवर ३० हॉर्सपॉवरपर्यंत ताकद देते आणि वजनाला हलकी असते. ३० हॉर्सपॉवर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण ड्रायव्हर धरून एकूण वजन १६० किलोच्या आसपास असतं आणि बसायची जागा जमिनीपासून काही इंचांवर असते, हे लक्षात घ्या. म्हणूनच नियम इतके कडक असतात.

क्लास ठरतो कशावर?

क्रिकेटमध्ये अंडर-१४, अंडर-१६ असे वयोगट असतात. कुस्तीत वजनी गट असतात. कार्टिंगमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि वर तिसरी असते, इंजिन. वय, वजन आणि इंजिन तिन्ही जुळली की तुमचा क्लास ठरतो.

भारतात राष्ट्रीय पातळीवर बरीच वर्षं 'रोटॅक्स मॅक्स' पद्धतीचे क्लास चालत आले आहेत. रोटॅक्स ही ऑस्ट्रियाची इंजिन कंपनी. तिच्या १२५ सीसी इंजिनांवर जगभर देशोदेशी स्पर्धा होतात. आपल्याकडे मायक्रो मॅक्स, ज्युनियर मॅक्स आणि सिनियर मॅक्स ही नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात. रोटॅक्सच्या जगभरातल्या रचनेत ढोबळमानाने असे क्लास आहेत:

- मायक्रो मॅक्स: साधारण ८ ते ११ वर्षं. इंजिन १२५ सीसीचंच, पण एक्झॉस्टमध्ये अडथळा घालून ताकद मुद्दाम कमी केलेली.
- मिनी मॅक्स: मायक्रो आणि ज्युनियरच्या मधली पायरी. सगळीकडे असतेच असं नाही.
- ज्युनियर मॅक्स: साधारण १२ ते १५ वर्षं. ताकद २३ हॉर्सपॉवरच्या आसपास.
- सिनियर मॅक्स: १४-१५ वर्षांपासून पुढे. ताकद ३० हॉर्सपॉवर.
- डीडी२: दोन गिअरची कार्ट, ३४ हॉर्सपॉवर. यातच ३२ वर्षांवरच्या ड्रायव्हरसाठी 'मास्टर्स' हा वेगळा क्लास असतो.

वयाच्या सीमारेषा देशानुसार आणि स्पर्धेनुसार एखाद्या वर्षाने मागेपुढे होतात. त्यामुळे ज्या स्पर्धेत उतरायचं, त्या स्पर्धेचं त्याच वर्षीचं नियमपत्रक वाचायचं. मागच्या वर्षीचं चालत नाही.

वय: वाढदिवस कधी येतो, ते बघा

इथे बरेच पालक गोंधळतात. मोटरस्पोर्टची जागतिक संघटना एफआयए आणि अनेक स्पर्धा वय मोजताना कॅलेंडर वर्ष धरतात. म्हणजे 'या वर्षात १२ पूर्ण होणार' असं असेल, तर डिसेंबरात वाढदिवस असलेल्या मुलालाही जानेवारीपासून ज्युनियर क्लास खेळता येऊ शकतो. काही स्पर्धा मात्र रेसच्या दिवशीचं वय धरतात. नियमपत्रकात यातलं काय लिहिलंय, ते पहिल्यांदा तपासा.

वय बसतंय म्हणून मुलाला लगेच वरच्या क्लासमध्ये टाकायची घाईही नको. त्याचं कारण वजनाच्या नियमात आहे.

वजन: हलक्या ड्रायव्हरला शिसं का बांधतात?

कार्टिंगमध्ये 'किमान वजन' हा नियम असतो. हे वजन ड्रायव्हर, हेल्मेट, सूट आणि कार्ट सगळं मिळून धरतात. रोटॅक्समध्ये ज्युनियरला ते १४५ किलोच्या आसपास, तर सिनियरला १६० किलोच्या आसपास असतं.

हा नियम नसता तर काय झालं असतं, ते एका हिशोबाने बघू. समजा कार्ट ८५ किलोची आहे. एक ड्रायव्हर ५५ किलोचा, दुसरा ७५ किलोचा. एकूण वजन झालं १४० आणि १६० किलो. इंजिन दोघांचं सारखंच, ३० हॉर्सपॉवरचं. मग हलक्या ड्रायव्हरला दर किलोमागे सुमारे १४ टक्के जास्त ताकद फुकटात मिळाली. प्रत्येक वळणातून बाहेर पडताना तो पुढे निघणार, आणि त्यात त्याच्या ड्रायव्हिंगचा काही संबंध नसणार.

म्हणून ५५ किलोच्या ड्रायव्हरला २० किलो शिसं बांधावं लागतं. हे शिसं टेप लावून किंवा दोरीने बांधून चालत नाही. बोल्टने सीटला किंवा चासीला घट्ट बसवावं लागतं. एफआयएच्या नियमात किमान दोन बोल्टची अट आहे. शर्यतीत सुटलेला शिशाचा तुकडा मागून येणाऱ्याच्या हेल्मेटवर आदळला तर काय होईल, याची कल्पना करा.

आता घाईचा मुद्दा. १२ वर्षांचा मुलगा ३५ किलोचा असेल आणि त्याला ज्युनियरमध्ये उतरवलं, तर कार्टवर जवळपास २५-३० किलो शिसं चढवावं लागेल. ती जड कार्ट वळवायला हातात आणि मानेत जेवढी ताकद लागते, तेवढी त्या वयात बहुतेकांकडे नसते. अशा वेळी आणखी एक वर्ष खालच्या क्लासमध्ये काढणं शहाणपणाचं.

उलट बाजूही आहे. हा नियम हलक्या ड्रायव्हरला शिसं लावून बरोबरीत आणतो, पण ९० किलोच्या ड्रायव्हरचं वजन कमी करू शकत नाही. त्याला जास्तीचं वजन घेऊनच रेस खेळावी लागते. म्हणून काही देशांत वजनदार ड्रायव्हरसाठी वेगळा क्लास ठेवतात. ब्रिटनमध्ये 'रोटॅक्स १७७' हा तसाच क्लास, त्यात किमान वजन १७७ किलो. आपल्याकडे असा पर्याय नसेल, तर ड्रायव्हरचं वजन हा मुद्दा एंट्रीआधीच डोक्यात असलेला बरा.

इंजिन: सील तुटलं की खेळ संपला

कार्टिंग हा मुळात खर्चिक खेळ आहे. इंजिनात हवे तसे बदल करायची मोकळीक दिली, तर ज्याचा खिसा मोठा तोच जिंकणार. यावर उपाय म्हणून रोटॅक्ससारख्या क्लासमध्ये इंजिनाला नंबर असलेलं सील लावलेलं असतं आणि इंजिनासोबत एक ओळखकार्ड असतं. इंजिन उघडून दुरुस्त करायचं असेल, तर ते अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच. तिथे नवं सील लागतं आणि त्याची नोंद कार्डावर होते.

सील तुटलेलं असेल किंवा कार्डावरचा नंबर आणि सीलवरचा नंबर जुळत नसेल, तर रेसच्या दिवशी इंजिन पास होत नाही. सेकंडहँड इंजिन घेताना सगळ्यात आधी हेच बघायचं. विकणारा 'इंजिन एकदम मख्खन आहे' म्हणाला, तरी कार्ड मागा.

टायर आणि इंधनालाही हाच न्याय लागतो. आयोजक एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे टायर ठरवून देतात. एका स्पर्धेत किती सेट वापरायचे, तेही ठरलेलं असतं आणि टायरवरचे बारकोड नोंदवले जातात. त्यामुळे श्रीमंत टीमने प्रत्येक फेरीला नवे टायर टाकायचा प्रश्नच येत नाही. पेट्रोल आणि त्यात मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल कुठलं, हेही नियमपत्रकात असतं.

चासीचा सापळा

सेकंडहँड खरेदीत सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे चासी, म्हणजे कार्टचा सांगाडा. लहान मुलांच्या चासीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण ९५० मिलिमीटर असतं. ज्युनियर आणि सिनियरच्या चासीचा १०४० मिलिमीटरच्या आसपास.

रोटॅक्सचं इंजिन योग्य किट बसवून खालच्या क्लासमधून वरच्या क्लाससाठी तयार करून घेता येतं. चासी मात्र वाढत नाही. म्हणजे ११ वर्षांच्या मुलासाठी आज छोटी चासी घेतली, तर वर्ष-दीड वर्षात ती विकावी लागणार. खरेदीच्या वेळी हा हिशोब कोणी सांगत नाही.

लायसन्स कुठून मिळतं?

पहिली गोष्ट, आरटीओच्या लायसन्सचा इथे काहीही संबंध नाही. रेसिंग कार्ट रस्त्यावर चालवायला परवानगीच नसते. ती बंद ट्रॅकवर चालते, म्हणून ८-१० वर्षांची मुलंही रेस खेळू शकतात. सोसायटीच्या आवारात किंवा गावच्या रस्त्यावर 'जरा प्रॅक्टिस' हा प्रकार अजिबात करायचा नाही.

भारतात मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय ही संघटना बघते. तिची स्थापना १९७१ ची. एफआयएची भारतातली अधिकृत प्रतिनिधी हीच. मान्यताप्राप्त कार्टिंग स्पर्धेत उतरायचं असेल, तर एफएमएससीआयचं स्पर्धक लायसन्स लागतं आणि ते दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. अर्ज करताना ही तयारी ठेवा:

- वयाचा पुरावा आणि फोटो
- डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट, रक्तगटासह
- १८ वर्षांखालील ड्रायव्हरसाठी पालकांचं संमतीपत्र
- लायसन्स फी

अर्ज करतानाच एक प्रश्न विचारून घ्या: लायसन्ससोबत अपघात विमा आहे का, आणि त्यात नेमकं काय धरलंय? घरचा आरोग्य विमा रेसिंगमधल्या दुखापतीला लागू होईलच, असं गृहीत धरू नका. पॉलिसीतली वगळलेल्या गोष्टींची यादी वाचा.

आणखी एक. कुणीतरी 'ओपन रेस आहे, लायसन्स नको, या' असं व्हॉट्सॲपवर पाठवतं. ती स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, हे आधी बघा. मान्यता नसलेल्या स्पर्धेत भाग घेतल्यास एफआयएच्या नियमांनुसार लायसन्सधारकावर कारवाई होऊ शकते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथे रुग्णवाहिका, डॉक्टर आणि प्रशिक्षित मार्शल असतीलच याची खात्री नसते.

कार्टला सीट बेल्ट का नसतो?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक पालक विचारतो. कारमध्ये ड्रायव्हरभोवती मजबूत पिंजरा असतो, म्हणून त्याला बेल्टने आत धरून ठेवतात. कार्टला पिंजराच नाही. ती उलटली तर बेल्टने बांधलेला ड्रायव्हर तिच्याखाली सापडेल. त्यामुळे तो बाहेर फेकला जाणं कमी धोक्याचं मानलं जातं.

म्हणूनच कार्टिंगचा सूट वेगळा असतो. कार रेसिंगचा सूट आगीपासून वाचवायला बनवतात, कार्टिंगचा डांबरावर घासलं जाण्यापासून. कारचा महागडा सूट घेतला म्हणजे काम झालं, असं नाही.

यासोबत लागतं ते असं: पूर्ण चेहरा झाकणारं मान्यताप्राप्त हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बूट आणि बरगड्यांचं संरक्षक जॅकेट. लहान मुलांसाठी 'सीएमआर' मानांकनाची हलकी हेल्मेट मिळतात, कारण मोठ्यांच्या हेल्मेटचं वजन मुलांच्या मानेवर येतं. बाइकचं हेल्मेट रेसच्या तपासणीत पास होईल, या भरवशावर राहू नका.

केसांचा नियम तर कधीच हलक्यात घेऊ नका. कार्टचा मागचा ॲक्सल उघडा फिरत असतो. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोर इथे आणि २०२० मध्ये हैदराबादजवळ भाड्याची कार्ट चालवताना केस अडकून दोन तरुणींचा जीव गेला. केस पूर्ण बांधून बालाक्लावाच्या, म्हणजे डोक्यावरच्या कापडी टोपीच्या आत घ्यायचे. ओढणी, मफलर, सैल हुडी नको. ट्रॅकवाल्यांनी सांगितलं नाही तरीही.

रेसच्या दिवशी काय होतं?

क्रम साधारण असा असतो. आधी नोंदणी, मग 'स्क्रुटिनी' म्हणजे कार्ट आणि साहित्याची तपासणी. त्यानंतर ड्रायव्हर्सची मीटिंग. तिला हजेरी सक्तीची असते, दांडी मारली तर दंड होऊ शकतो. मग प्रॅक्टिस, क्वालिफाइंग, हीट्स आणि शेवटी प्री-फायनल व फायनल.

झेंडे पाठ हवेतच. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नको. निळा म्हणजे मागून वेगवान कार्ट येतेय. काळ्यावर नारिंगी ठिपका म्हणजे तुमच्या कार्टमध्ये बिघाड आहे, पिटमध्ये या. नुसता काळा म्हणजे तुमची रेस संपली.

फिनिश लाइन ओलांडली तरी निकाल पक्का नसतो. कार्ट थेट वजनकाट्यावर जाते. किमान वजनापेक्षा थोडं जरी कमी भरलं, तरी निकालातून नाव जातं. त्यामुळे अनुभवी टीम एक-दोन किलो जास्तीचे ठेवतात. रेसमध्ये घाम जातो, पेट्रोल जळतं, टायर झिजतात, हे सगळं त्यात धरलेलं असतं. एफआयएच्या स्पर्धांमध्ये पुढचं प्लास्टिक फेअरिंग धडकेने जागेवरून सरकलं, तर ५ सेकंदांची शिक्षा बसते. धक्के मारून पुढे जायला लगाम बसावा, म्हणून हा नियम.

मुलींसाठी वेगळा क्लास असतो का?

नाही. मुलं-मुली एकाच ग्रिडवर, एकाच नियमाने खेळतात. वडोदऱ्याची मीरा एर्डा कार्टिंगमधूनच फॉर्म्युला कारपर्यंत पोहोचली.

मग सुरुवात कशी करायची?

मुंबईचा जेहान दारुवाला फॉर्म्युला-२ च्या रेस जिंकला, कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-३ मध्ये धावला. कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्याही झाल्या आहेत. म्हणजे हे सगळं आपल्यापासून फार लांबचं नाही. पण पायऱ्या क्रमाने चढलेल्या बऱ्या:

१. आधी भाड्याच्या कार्टवर काही महिने चालवा. एका लॅपमध्ये वेग दाखवणं सोपं. सलग १५-२० लॅप सारख्याच वेळेत काढता येतात का, ते बघा.

२. ट्रॅकवर होणाऱ्या भाड्याच्या कार्टच्या स्पर्धा खेळा. कार्ट ट्रॅकची, चिठ्ठी टाकून मिळते. सगळ्यात कमी खर्चात रेसचा अनुभव इथे मिळतो.

३. कुठली स्पर्धा खेळायची ते ठरवा. तिचं चालू वर्षाचं नियमपत्रक मिळवा आणि वय, किमान वजन, इंजिन, टायर, चासी या पाच गोष्टींवर खूण करा.

४. पहिल्या सीझनला कार्ट विकत घेऊ नका. टीमकडून कार्ट, इंजिन आणि मेकॅनिक असं पूर्ण पॅकेज रेसपुरतं भाड्याने मिळतं. अपघातात मोडतोड झाली तर खर्च कोणाचा, हे लेखी घ्या.

५. हेल्मेट, सूट, मोजे, बूट मात्र स्वतःचे आणि मापाचे घ्या. 'वाढत्या अंगाचे' म्हणून दोन साइझ मोठं हेल्मेट घेणं धोक्याचं आहे.

६. सीझन संपल्यावर मुलाची आवड टिकून असेल आणि पुढच्या दोन वर्षांचा क्लास स्पष्ट असेल, तरच खरेदीचा विचार करा. तेव्हा इंजिनाचं कार्ड, सीलचा नंबर आणि चासीचं माप बघून घ्या.

क्लासचे नियम वाचायला कंटाळवाणे वाटतात. पण ३५ किलोच्या मुलाला जड कार्ट ओढायला लागू नये आणि ज्याच्या घरी कमी पैसे आहेत त्याला त्याच इंजिनावर, त्याच टायरवर लढता यावं, यासाठीच ते लिहिलेले आहेत. त्यामुळे कार्टच्या जाहिरातीवर 'इंटरेस्टेड' असा मेसेज टाकण्याआधी नियमपत्रकाची पीडीएफ उघडा आणि मुलाला वजनकाट्यावर उभं करा.